गावच्या दप्तराची नवी किल्ली

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर व आसपासच्या गावांत मृग नक्षत्र जवळ आले, की शेतकऱ्यास पहाणीच्या उताऱ्याची आठवण होते. तूर व सोयाबीनचे बियाणे घ्यावयाचे असते, पीककर्जाचा अर्ज करावयाचा असतो, आणि चालू उतारा पुढे ठेवल्यावाचून त्या अर्जाचा विचार होत नाही. अशा वेळी शेतकरी खिडकीपाशी जातो, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर सांगतो, आणि थोड्याच वेळात छापील उतारा त्याच्या हाती पडतो. क्वचित असेही घडते, की खिडकीतील कर्मचारी पडद्याकडे पाहून "सर्व्हर बंद आहे, उद्या या" असे सांगतो. पहिल्या प्रसंगी यंत्राचे कौतुक होते, दुसऱ्या प्रसंगी त्यास दूषणे मिळतात. उतारा मुळात कोठे ठेवलेला होता, कोणाच्या ताब्यात होता आणि तो कोणत्या कारणाने मिळाला किंवा मिळाला नाही, ही चौकशी मात्र दोन्ही प्रसंगी सहसा कोणी करीत नाही.

ती करण्याजोगी आहे. पटवाऱ्याच्या काळात दप्तराचा बस्ता कोणाच्या घरी आहे, हे साऱ्या गावास ठाऊक असे. पटवारी चांगला की वाईट, हेही ठाऊक असे. आज तो बस्ता गावात नाही, तालुक्यातही नाही. तो शेकडो कोसांवरील एका थंड खोलीत, लोखंडी कपाटांत बसविलेल्या यंत्रांत आहे. आणि त्या यंत्रांची देखभाल करणारा मनुष्य एका पडद्यासमोर बसून ती करतो. या पडद्यास संगणकाच्या परिभाषेत 'मॅनेजमेंट कन्सोल' म्हणतात. आपण त्यास नियंत्रण-पटल म्हणू. या पटलावर काय दिसते, तेथून काय करता येते आणि काय करता येत नाही, हे समजून घेतल्यास खिडकीपाशी घडणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

पहाणीचा प्रवास

महाराष्ट्रात ज्यास सातबारा म्हणतात, त्यास कर्नाटकात पहाणी किंवा आर.टी.सी. म्हणतात. जमिनीवरील हक्क, कूळवहिवाट आणि पिके या तिन्हींची नोंद एकाच कागदावर असते. पहाणी हा शब्द मराठवाड्यातील वृद्धांच्याही कानांवरून गेलेला आहे. कारण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा, बिदर आणि गुलबर्गा हे सारे हैदराबाद राज्यातच होते. राज्यपुनर्रचनेनंतर सीमा आखली गेली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. बसवकल्याण तालुक्यातील अनेक मराठी कुटुंबांची एक जमीन इकडे पहाणीवर, तर दुसरी उमरगा किंवा निलंगा तालुक्यात सातबाऱ्यावर आहे. एकाच घरातील माणसांस दोन राज्यांच्या दोन दप्तरांशी व्यवहार करावा लागतो. म्हणून हा विषय सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांचा आहे.

जमिनीचे दप्तर संगणकावर घेण्याची केंद्र पुरस्कृत योजना 1988-89 साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. कर्नाटकातील पहिला प्रयोग 1991 साली झाला, तो गुलबर्गा म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. म्हणजे कोहिनूरच्या अगदी शेजारी. त्या प्रयोगास लगेच फळ आले असे म्हणता येणार नाही. पुढे 'भूमी' या नावाने नव्याने काम हाती घेण्यात आले, आणि 2002 सालापर्यंत कर्नाटकाच्या त्या वेळच्या सर्व तालुक्यांत संगणकीय उतारा मिळू लागला. सुमारे 67 लाख खातेदारांच्या सुमारे 2 कोटी नोंदी यंत्रात भरण्यात आल्या. उताऱ्याची फी आरंभी 15 रुपये ठेवण्यात आली होती.

'भूमी'तील तीन व्यवस्था विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. संगणकीय उतारा सुरू झाला, की त्या तालुक्यात हस्तलिखित उतारा देणे बंद करण्यात आले. दोन दप्तरे समांतर चालू राहिली असती, तर खरे कोणते हा वाद कायम राहिला असता. दुसरे असे, की खिडकीवर एक जादा पडदा ग्राहकाकडे तोंड करून ठेवण्यात आला, जेणेकरून आत काय लिहिले जात आहे हे बाहेरच्यास दिसावे. आणि तिसरे, नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यास केवळ सांकेतिक शब्दावर विसंबून न ठेवता बोटाचा ठसा देऊनच यंत्रात प्रवेश मिळू लागला. या तिसऱ्या व्यवस्थेचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. बोटाचा ठसा दुसऱ्यास उसना देता येत नाही. त्यामुळे "माझ्या नावाने दुसऱ्याच कोणी नोंद केली" ही सबब सांगणे कठीण झाले.

आरंभी प्रत्येक तालुक्याचे दप्तर त्या तालुक्याच्याच सर्व्हरवर असे. नंतर ते बंगळूर येथील राज्य डेटा केंद्रात एकत्र करण्यात आले. महाराष्ट्रातही सुमारे अडीच कोटी सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण झाले, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लोकांना मिळू लागला. तलाठ्याच्या शाईच्या सहीचे काम आता ही स्वाक्षरी करते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये अशा स्वाक्षरीस कायद्याची मान्यता आहे.

एकत्रीकरणाने एक मोठी सोय झाली, आणि एक मोठी जोखीमही निर्माण झाली. तालुक्याचा सर्व्हर बिघडला, तर एका तालुक्याचे काम अडत असे. केंद्रातील यंत्रणा बिघडली, तर राज्यातील सर्व खिडक्या एकाच वेळी बंद पडतात.

कपाटाच्या आत

केंद्रातील ज्या भागात माहिती प्रत्यक्ष साठविली जाते, त्यास संचय-यंत्रणा म्हणता येईल. तीत अनेक डिस्का ओळीने बसविलेल्या असतात. डिस्क म्हणजे मूळची फिरणारी चुंबकीय तबकडी. नव्या प्रकारात फिरणारे काहीच नसते, तरी नाव डिस्कच राहिले आहे. डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. शेकडो डिस्का असलेल्या यंत्रणेत अधूनमधून एखादी निकामी होणारच, हे गृहीत धरूनच सारी रचना केलेली असते.

ती रचना कशी, हे शिक्षकांना वर्गात सहज सांगता येईल. समजा, तीन डिस्कांवर अनुक्रमे 7, 12 आणि 6 हे आकडे लिहिले. महसूल खात्यातील वाचकांस हे गाव नमुन्यांचे क्रमांक ओळखीचे वाटतील. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, म्हणजे 25, लिहून ठेवली. उद्या 12 हा आकडा असलेली डिस्क बंद पडली, तर 25 मधून 7 आणि 6 वजा करावेत; हरवलेला 12 परत मिळतो. यंत्रातील गणित याहून निराळे असते, तत्त्व मात्र हेच आहे. बंद पडलेल्या डिस्कची जागा एक राखीव डिस्क आपोआप घेते, आणि उरलेल्या डिस्कांवरून गणित करीत यंत्र तिच्यावर हरवलेला मजकूर पुन्हा लिहू लागते. या कामास काही तास, कधी दिवसही लागतो. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली, तर वर सांगितलेल्या साध्या रचनेत दोन आकडे हरवतात आणि बेरजेवरून ते काढता येत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या दप्तरासाठी दोन डिस्का एकाच वेळी गेल्या तरी चालेल, अशी रचना पसंत केली जाते.

या साऱ्या डिस्का मिळून जो संचय होतो, त्याचे यंत्रणेत भाग पाडले जातात. एक भाग जमिनीच्या नोंदींस, एक जुन्या कागदांच्या छायाप्रतींस, एक अन्य खात्यांस, याप्रमाणे वाटणी होते. कोणत्या सर्व्हरने कोणता भाग वापरावा, हेही ठरवून दिलेले असते. रावबहादुरी थाटाच्या जुन्या कचेरीतील अभिलेख कक्ष डोळ्यांसमोर आणावा: कोणत्या फडताळात कोणत्या तालुक्याचे रुमाल, आणि कोणत्या कारकुनास कोणते फडताळ उघडण्याची मुभा. फरक इतकाच, की येथे फडताळे लाकडाची नसून आज्ञेने लहानमोठी करता येणारी असतात.

पटलावर काय दिसते

देखभाल करणारा अधिकारी पटल उघडतो, तेव्हा पडद्याच्या माथ्यावर यंत्रणेचे नाव असते. हे नाव वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे पुढे दिसून येईल. त्याखाली प्रत्येक भागाची प्रकृती रंगाने दर्शविलेली असते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्यावे, तांबडा म्हणजे काम अडले वा अडण्याच्या बेतात आहे. पंखे, वीजपुरवठा, तापमान, डिस्का, दुसऱ्या केंद्राशी असलेला दुवा, अशा प्रत्येकाची नोंद तेथे दिसते. एखादी गोष्ट बिघडली, तर अधिकारी पडद्यासमोर नसला तरी त्यास संदेश जाईल, अशी व्यवस्था करता येते. आणि ती करावयाचीच असते. मात्र रोज शंभर बिनमहत्त्वाचे संदेश येऊ लागले, की माणूस एकशे एकावा वाचत नाही. कोणत्या गोष्टीसाठी संदेश यावा, हे विचारपूर्वक ठरविणे हे पटलावरील सर्वांत कंटाळवाणे पण उपयुक्त काम आहे.

पडद्यावरील एका आकड्याकडे विशेष लक्ष ठेवावे लागते, तो म्हणजे संचय किती भरला आहे. आजच्या यंत्रणांत प्रत्यक्षात असलेल्यापेक्षा अधिक जागा कागदोपत्री वाटून देण्याची सोय असते. पाच खात्यांस प्रत्येकी शंभर पोत्यांची कोठारे द्यावयाची, पण प्रत्यक्षात कोठार तीनशे पोत्यांचेच बांधावयाचे. सर्वांचे धान्य एकदम येणार नाही या भरवशावर हा व्यवहार चालतो. बहुतेक वर्षी तो नीट चालतोही. मात्र ज्या वर्षी सर्वांचेच पीक भरघोस येते, त्या वर्षी पंचाईत होते. संचय पूर्ण भरला, की नवी नोंद लिहिण्यास जागा उरत नाही आणि दप्तराचे काम थांबते. जागा ऐंशी टक्के भरली, की इशारा मिळावा अशी मर्यादा बहुधा ठेवली जाते. कारण नव्या डिस्का मागविणे, मंजुरी, निविदा आणि बसविणे यांस सरकारी कामकाजात किती काळ लागतो, हे वाचक जाणतातच.

जागेचा हा प्रश्न पुढील काळात तीव्र होणार आहे. कर्नाटकात 2024 साली 'भू सुरक्षा' या योजनेखाली तालुका कचेऱ्यांतील जुने कागद छायाचित्रित करून यंत्रात ठेवण्याचे काम हाती घेण्यात आले. जुन्या हैदराबाद राज्याच्या भागात असे कागद कोठे उर्दूत, कोठे मोडीत, कोठे कन्नडमध्ये आहेत. यंत्रात अक्षरे टाइप करून ठेवलेल्या नोंदीस जेवढी जागा लागते, तिच्या कित्येक पट जागा त्याच कागदाच्या छायाचित्रास लागते. महसूल कचेऱ्यांत अ वर्गाचे कागद कायमचे, ब वर्गाचे 30 वर्षे आणि ड वर्गाचे एक वर्ष, अशी वर्गवारी करून रुमाल बांधण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचे महत्त्व येथे पुन्हा पटते. पटलावरूनही असेच नियम घालून देता येतात. रोज लागणाऱ्या नोंदी वेगवान डिस्कांवर, वर्षातून एखाद्या वेळी लागणारे जुने कागद स्वस्त व संथ डिस्कांवर ठेवले जातात. यंत्र ही हलवाहलव रात्री आपोआप करते. मात्र अ वर्ग कोणता आणि ड वर्ग कोणता, हे यंत्रास कळत नाही. ते महसूल खात्यासच सांगावे लागते.

किल्ल्या कोणाच्या हाती

पटलावरून एका आज्ञेने संपूर्ण भाग पुसून टाकता येतो. म्हणून ते सर्वांस उघडे नसते. कचेरीतील इतर संगणकांपासून ते वेगळ्या तारेवर ठेवले जाते, आणि त्यावर येणाऱ्या प्रत्येकाचा अधिकार वेगवेगळा असतो. एकास केवळ पाहता येते. दुसऱ्यास भाग लहानमोठे करता येतात, डिस्का बदलता येतात. तिसऱ्यास वापरकर्ते नेमण्याचा व काढण्याचा अधिकार असतो, पण भागांस हात लावता येत नाही. चौथा हिशेबतपासनीस, त्यास कोणी केव्हा काय केले एवढेच वाचता येते. पुसून टाकण्यासारख्या कामास दोघांची संमती लागावी, असाही नियम अनेक यंत्रणांत घालता येतो. कोषागारातील दुहेरी कुलूप ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट आहे. नियंत्रण-पटलावर बसलेल्या मनुष्यास कोहिनूरच्या अमुक सर्व्हे नंबरात कोणाचे नाव आहे, हे तेथे दिसत नाही. त्यास भाग, डिस्का आणि आकडे दिसतात. नावे दिसतात ती 'भूमी'च्या प्रणालीतून ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यास व तहसील कचेरीस. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणालीतून तलाठी व मंडळ अधिकाऱ्यास. कोठीची राखण करणारा वेगळा आणि वहीत लिहिणारा वेगळा, ही विभागणी हेतुपूर्वक आहे. ज्याच्या हाती लेखणी आहे, त्याच्या हाती जुनी प्रत जाळण्याचे साधन असू नये, आणि ज्यास प्रत जाळता येते, त्यास वहीत लिहिता येऊ नये. दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीस "सोयीसाठी" दिलेले असतील, तर ती सोय नसून संकट आहे.

पटलावर घडलेल्या प्रत्येक कृतीची रोजनिशी यंत्र स्वतः लिहिते: कोण आला, केव्हा आला, काय केले. ही रोजनिशी त्याच यंत्रणेत ठेवून भागत नाही. ती लगोलग दुसऱ्या यंत्राकडे पाठविली जावी लागते; अन्यथा अपकृत्य करणारा जाता जाता रोजनिशीचे पानही फाडील. सर्व यंत्रांची घड्याळे एकच वेळ दाखवीत आहेत की नाही, हेही पाहावे लागते. ही बाब किरकोळ वाटते, परंतु एकाच जमिनीवर एकाच दिवशी दोन अर्ज आले असता आधीचा कोणता, हा प्रश्न उभा राहिला, की घड्याळाची किंमत कळते.

प्रतीवर प्रत

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका याच नगरीत लिहिली. एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांचा जो कायदा या देशात शतकानुशतके चालला, त्याचा मोठा आधार ही टीका होती. आजच्या हिस्सा नंबरांमागेही तिची सावली आहे. ज्या स्मृतीवर ही टीका आहे, तीत लेखांविषयी एक व्यवहारी नियम सांगितलेला आहे. दस्तऐवज परदेशी राहिला, नष्ट झाला, पुसला गेला, चोरीस गेला, फाटला वा जळला, तर दुसरा करून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. दस्तऐवज कोणकोणत्या प्रकारे नाहीसा होऊ शकतो, याची ती यादी आजच्या डेटा केंद्रासही जशीच्या तशी लागू पडते. मात्र आज 'दुसरा करून घ्यावा' हे काम आपत्तीच्या आधीच करून ठेवावे लागते.

डिस्क गेली तर बेरजेवरून मजकूर परत मिळतो, हे वर सांगितले. पण नोंद पुसण्याची आज्ञा चुकून दिली गेली, तर काय? यंत्र ती आज्ञा तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कांवर पाळते. म्हणून डिस्कांची रचना म्हणजे प्रत नव्हे. यासाठी पटलावरून ठरावीक वेळी संचयाची खूण-प्रत घेण्याची व्यवस्था करतात. तीस 'स्नॅपशॉट' म्हणतात. ही संपूर्ण नक्कल नसते. त्या क्षणी मजकूर कसा होता, याची खूण करून ठेवली जाते आणि त्यानंतर जे बदलेल त्याचेच जुने रूप बाजूस ठेवले जाते. त्यामुळे ती क्षणात घेता येते, फार जागा खात नाही, आणि सकाळी अकरा वाजता झालेली चूक दहा वाजताच्या खुणेवर जाऊन सुधारता येते. परंतु मूळ यंत्रच जळाले, तर खूणही जळते. तेव्हा एक पूर्ण प्रत दुसऱ्या गावी हवी.

दुसरे गाव किती दूर असावे? या भागातील लोकांस हे वेगळे सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. बसवकल्याणला लागून असलेला उमरगा तालुका त्या आपत्तीत होरपळला. त्यापूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात होता. एकाच शहरातील दोन इमारतींत दोन प्रती ठेवणे हे अशा प्रसंगी एकाच खोलीत ठेवण्यासारखे होते. म्हणून दुसरे केंद्र वेगळ्या भूप्रदेशात असावे असा दंडक आहे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी, असा साधा नियम जगभर सांगितला जातो.

सांगितला जातो, पण नेहमी पाळला जात नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस आग लागली आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. तेव्हा कागदाच्या दप्तराची मर्यादा साऱ्यांस दिसली. परंतु यंत्राचे दप्तर आपोआप सुरक्षित असते असेही नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रास आग लागली. तेथे सरकारी कर्मचारी ज्या सामाईक संचयात आपले कामाचे कागद ठेवीत, तो सुमारे 858 टेराबाइटचा संचय नष्ट झाला. संचय फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. तंत्रविद्येत पुढारलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

दुसरी घटना पटलासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावी अशी आहे. 31 जानेवारी 2017 रोजी 'गिटलॅब' या कंपनीतील एक अभियंता रात्री उशिरापर्यंत बिघाड दुरुस्त करीत होता. दुय्यम सर्व्हरवरील मजकूर काढून टाकावा, या हेतूने त्याने आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हरवर होता. चूक लक्षात येताच त्याने ती थांबविली, तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. प्रती घेण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था कंपनीत होत्या. त्यांपैकी एकही त्या वेळी कामास येईना. काही तर कित्येक दिवसांपासून मुकाट्याने बंद होत्या आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून केवळ सहा तासांच्या नोंदींवर निभावले. कंपनीने ही सारी हकीकत स्वतः प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे. पडद्याच्या माथ्यावरील यंत्रणेचे नाव वाचावे असे वर म्हटले, ते याचसाठी.

"सर्व्हर बंद आहे"

आता खिडकीपाशी परत येऊ. उतारा न मिळण्याची कारणे अनेक असतात. नाडकचेरी व बंगळूर यांमधील दुवा तुटलेला असेल. पावसाळ्यात हे घडते. छापण्याचे यंत्र अडले असेल. 'भूमी'च्या प्रणालीत बदल चालू असेल. वीज नसेल. या साऱ्यांस खिडकीवर एकच नाव मिळते, ते म्हणजे सर्व्हर. प्रत्यक्षात संचय-यंत्रणा बंद असणे हे यांतील सर्वांत विरळ कारण होय. खिडकीवरील कर्मचाऱ्याने नेमके काय अडले आहे ते विचारून घेतले आणि लोकांस सांगितले, तर दुवा तुटल्यास शेजारच्या होबळीत जाऊन काम होईल की नाही, हे तरी शेतकऱ्यास ठरविता येईल. आज तो एका दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. पहाणी कन्नडमध्ये असते. मराठी आडनावे, पूर्वी उर्दूत किंवा मोडीत लिहिलेली, हाताने कन्नड वहीत उतरली आणि तेथून यंत्रात गेली. प्रत्येक उतरणीवर एखादी काना-मात्रा इकडची तिकडे झाली. एकाच भावकीतील दोघांचे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले आढळते. यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहते. माणसाप्रमाणे ते समजून घेत नाही. म्हणून शोध घेताना नावापेक्षा सर्व्हे नंबर व हिस्सा यांवर भर देणे सोयीचे पडते. पण कर्जाच्या अर्जावरील नाव आणि उताऱ्यावरील नाव यांत तफावत निघाली, की अडवणूक होते ती शेतकऱ्याचीच.

आणि येथे नियंत्रण-पटलाची मर्यादा येते. नोंद चुकीची असेल, तर पटल ती चुकीचीच जपते. तिच्या तीन प्रती होतात, एक प्रत दूरच्या शहरी जाते, रोज रात्री तिची खूण घेतली जाते, आणि पडद्यावर सारे हिरवे दिसते. चूक दुरुस्त होते ती गावातून, अर्ज देऊन, चौकशी होऊन. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे, आणि ई-फेरफार प्रणालीत त्यासाठी तहसीलदारांचा आदेश लागतो. कर्नाटकातही दुरुस्तीचा अर्ज तहसील कचेरीतूनच पुढे जातो. डेटा केंद्रातील कोणी अधिकारी परस्पर नाव बदलून देईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि कोणी तसे करून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहणेच बरे.

प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, ती परत उघडते की नाही हे वेळोवेळी पाहावे, असा नियम आहे. यासाठी केंद्रात एक निराळा रिकामा भाग करतात, प्रतीवरून दप्तर तेथे उतरवितात आणि एखादे गाव निवडून त्याचे उतारे काढून पाहतात. कोहिनूरसारखे गाव त्यासाठी घेतले, तर केंद्रातील माणसास उतारे उघडले आणि त्यांची संख्या जुळली, एवढेच सांगता येईल. हिस्सा दोन कोणाच्या वहिवाटीत आहे आणि विहिरीतील अर्धा हक्क कोणत्या भावाकडे आहे, हे त्या छापील कागदांवर बोट ठेवून सांगणारा मनुष्य त्या खोलीत नसतो. तो गावात असतो, आणि उतारे पडताळण्यासाठी ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यास त्याच्याकडेच जावे लागते.